एक सेन्सर बरोबर, चार जोडले की सगळे हलतात: ४-२० मिलिअँपिअर लूप मायक्रोकंट्रोलरला जोडताना

टेबलावर एक प्रेशर ट्रान्समीटर (दाबाच्या प्रमाणात ४ ते २० मिलिअँपिअर करंट देणारा सेन्सर) जोडला, त्या करंटचं व्होल्टेज करणारा शंट रेझिस्टर लावला, रीडिंग चोख आलं. मग त्याच पद्धतीने दुसरा, तिसरा, चौथा जोडला. आता पहिल्या सेन्सरला कुणी हात लावलेला नसताना त्याचा आकडा वरखाली होतो. तिसऱ्यावर दाब वाढवला की पहिला थोडासा चढतो. एखादा सेन्सर काढून घेतला की बाकीचे पुन्हा जागेवर येतात.

ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे, आणि सुरुवातीच्या काळात स्वतःही इतक्या वेळा त्यात अडकलो आहे, की आता कोड पाहायला मी सर्वात शेवटी जातो. कोडमध्ये सरासरी वाढवून, फिल्टर लावून हा आकडा शांत करता येतो, पण तो शांतपणे चुकीचाच राहतो. दोष बहुतेक वेळा परतीच्या वाटेत असतो. करंट सेन्सरमधून शंटमध्ये आला, तिथून सप्लायच्या मायनसला कसा गेला आणि वाटेत कुणाकुणाच्या वायरमधून गेला, हे पाहायचं.

आधी लूप तपासा, मग मोजणी

मल्टीमीटर मिलिअँपिअरवर ठेवून एका लूपमध्ये (सप्लाय, सेन्सर, शंट आणि परत सप्लाय असा करंटचा फेरा) सिरीजमध्ये घाला. मीटर ८.०० दाखवत असेल आणि कंट्रोलर ८.१९ म्हणत असेल, तर सेन्सर निर्दोष आहे आणि दोष शंटपासून पुढे आहे. मीटरही ८.१९ दाखवत असेल तर करंट खरोखरच बदलतो आहे, म्हणजे सप्लाय किंवा सेन्सरची वायरिंग पाहायची. ही विभागणी केल्याशिवाय एकही वायर हलवू नका. नाहीतर दोन दोष एकमेकांत मिसळतात आणि मग कशाने काय सुधारलं ते कळत नाही.

सेन्सरवरच संशय असेल तर तो बाजूला ठेवा आणि त्याच्या जागी २.२ किलोओहमचा अर्ध्या वॅटचा रेझिस्टर लावा. २४ व्होल्टचा सप्लाय आणि १५० ओहमचा शंट असेल तर २४ भागिले २३५०, म्हणजे सुमारे १०.२ मिलिअँपिअर वाहतो. हा खोटा सेन्सर सप्लाय स्थिर असेल तर हलत नाही, त्याला वॉर्म-अप लागत नाही. असे चार रेझिस्टर जवळ ठेवा, एकेक चॅनलवर लावा-काढा आणि बाकीच्या चॅनलचे आकडे बघा. कोणता चॅनल कोणाला ओढतो हे पाच मिनिटांत समोर येतं.

कॉमन वायरमधला ड्रॉप

हे कारण सर्वात जास्त वेळा सापडतं, म्हणून आकड्यांसह सांगतो.

समजा चारही दोन-वायरी ट्रान्समीटर आहेत. प्रत्येकाचा प्लस २४ व्होल्टला आणि मायनस आपापल्या १५० ओहमच्या शंटच्या वरच्या टोकाला आहे. चारही शंटची खालची टोकं ब्रेडबोर्डच्या ग्राउंडच्या पट्टीत आहेत. त्या पट्टीतून एक जंपर बोर्डच्या ग्राउंड पिनला जातो आणि सप्लायचा मायनसही बोर्डच्याच दुसऱ्या ग्राउंड पिनला लावलेला आहे. कागदावर हे सगळं एकच ग्राउंड दिसतं. प्रत्यक्षात चारही सेन्सरचा करंट त्या एका जंपरमधून जातो.

बारीक जंपर आणि त्याच्या दोन टोकांचे सैल संपर्क धरून ०.६ ओहम सहज निघतात. चारही सेन्सर ४ मिलिअँपिअरवर असताना जंपरमधून १६ मिलिअँपिअर वाहतात, त्यामुळे त्यावर जेमतेम १० मिलिव्होल्ट पडतात. पहिला तसाच ठेवून बाकीचे तीन २० वर नेले की ६४ मिलिअँपिअर होतात आणि जंपरवर ३८ मिलिव्होल्ट पडतात. पहिल्या शंटचं खालचं टोक एडीसीच्या (कंट्रोलरमधल्या व्होल्टेज मोजणाऱ्या भागाच्या) ग्राउंडपेक्षा आता २९ मिलिव्होल्टने अधिक वर गेलं. एडीसी शंट पाहत नाही, तो आपल्या ग्राउंडपासून मोजतो. २९ मिलिव्होल्ट भागिले १५० ओहम, म्हणजे त्याला ०.१९ मिलिअँपिअर जास्त दिसतात. १६ मिलिअँपिअरच्या पूर्ण पल्ल्यात ही १.२ टक्के चूक. ० ते १० बारचा सेन्सर असेल तर कुणी दाब न वाढवता ०.१२ बार वाढतात. वर ८.०० च्या जागी ८.१९ लिहिलं ते इथूनच आलेलं आहे.

ओळखायची रीत सोपी आहे. मल्टीमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवा. काळा प्रोब कंट्रोलरच्या ग्राउंड पिनवर, पिनवरच, पट्टीवर नाही. लाल प्रोब शंटच्या खालच्या पायावर, रेझिस्टरच्या पायालाच टेकवून. आता दुसऱ्या चॅनलचा करंट बदला. हा आकडा एक-दोन मिलिव्होल्टच्या आत राहायला हवा. तो इतर सेन्सरबरोबर नाचत असेल तर चोर सापडला.

उपाय असा, की सप्लायचा मायनस थेट शंटच्या खालच्या टोकांच्या सांध्याला न्या, जाड वायरने. तिथून कंट्रोलरच्या ग्राउंडला वेगळी वायर न्या, जिच्यात सेन्सरचा करंट वाहणारच नाही. वायरी त्याच आणि पिनाही त्याच, फक्त सांध्याची जागा बदलते आणि रीडिंग जागेवर बसतं.

इथे एक पोटकलम आहे. कंट्रोलरलाही त्याच २४ व्होल्टमधून बक कन्व्हर्टरने (व्होल्टेज उतरवणाऱ्या मॉड्यूलने) वीज दिली असेल, तर त्या वेगळ्या वायरमधून बोर्डचा स्वतःचा करंट परत येतो. ईएसपी३२ हा मायक्रोकंट्रोलर वाय-फायवर डेटा पाठवताना क्षणभर २०० मिलिअँपिअरच्या पुढे जातो. बक कन्व्हर्टरमुळे २४ व्होल्टच्या बाजूला तो बराच कमी दिसतो, पण कन्व्हर्टर आणि बोर्ड यांच्यामधल्या ग्राउंडच्या वायरीत तो पूर्ण वाहतो. मोजणीचा ग्राउंड त्याच वायरीवर टांगलेला असेल तर दर वेळी डेटा गेला की आकडे उडी मारतात. ‘दर दहा सेकंदांनी एकदा उडी’ अशी तक्रार आली की मी आधी विचारतो, डेटा किती सेकंदांनी पाठवता?

खरा उपाय: शंटच्या दोन्ही टोकांवर मोजा

चारपेक्षा जास्त सेन्सर असतील किंवा एका टक्क्याच्या आतली अचूकता हवी असेल, तर ग्राउंडच्या भरवशावर राहू नका. डिफरन्शियल मोजणी करा, म्हणजे शंटच्या दोन टोकांमधला फरकच मोजा. एडीएस१११५ ही १६ बिटची एडीसी चिप यासाठी सोयीची आहे. तिला चार इनपुट आहेत आणि त्यांच्या दोन डिफरन्शियल जोड्या करता येतात. तिचे चार पत्ते निवडता येतात, म्हणून एका आय-टू-सी बसवर (डेटाच्या दोन तारांच्या सामाईक वाटेवर) चार चिप, म्हणजे आठ डिफरन्शियल चॅनल.

बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटणारी तिची एक सोय इथे फार उपयोगी आहे. पहिले तीन इनपुट चौथ्याच्या तुलनेत मोजता येतात. चौथा इनपुट शंटच्या खालच्या सांध्याला लावा, पहिल्या तीनवर तीन शंटची वरची टोकं. कॉमन वायरमधला ड्रॉप वजाबाकीतच निघून जातो आणि एका चिपवर दोनऐवजी तीन सेन्सर बसतात. सांधा मात्र खरोखर एका जागी हवा, लांबलचक पट्टीवर विखुरलेला नको. कोणत्याही पिनवरचं व्होल्टेज चिपच्या सप्लायच्या पुढे जाता कामा नये हेही पाहा. चिप ३.३ व्होल्टवर चालत असेल तर २५० ओहमचा शंट चालणार नाही, कारण २० मिलिअँपिअरला तो ५ व्होल्ट देतो. १५० ओहम घ्या, ०.६ ते ३.० व्होल्ट मिळतात आणि ओव्हररेंजलाही थोडी जागा उरते.

शंट एक टक्क्याचा असेल तर बाकीची सगळी मेहनत त्या एका टक्क्यात बुडते. ०.१ टक्क्याचा, २५ पीपीएमचा (तापमानाच्या अंशामागे दशलक्षात २५ भागच बदलणारा) मेटल फिल्म रेझिस्टर वापरा.

सेन्सर कोणत्या जातीचा आहे?

एकाच पॅनलमध्ये दोन-वायरी, तीन-वायरी आणि चार-वायरी सेन्सर मिसळलेले असले की गोंधळ वाढतो.

दोन-वायरी सेन्सर लूपमधूनच जगतो. तीन-वायरीत सप्लायचा प्लस, कॉमन आणि सिग्नल अशा तीन वायरी असतात. सिग्नलचा करंट शंटमधून कॉमनला जातो, पण सेन्सरच्या स्वतःच्या इलेक्ट्रॉनिक्सचा करंटही त्याच कॉमनमधून परततो. म्हणून तीन-वायरीचा कॉमन थेट सप्लायच्या मायनसला न्या, शंटच्या सांध्यावरून दुसऱ्या सेन्सरकडे साखळीसारखा फिरवू नका.

चार-वायरीला वेगळी वीज असते आणि लूपमध्ये करंट तो स्वतः ढकलतो. त्याचा प्लस शंटच्या वरच्या टोकाला आणि मायनस खालच्या टोकाला, इतकंच. त्याच्या लूपमध्ये आपला २४ व्होल्ट घालायचा नाही. दोन-वायरीची सवय झालेला हात इथे चुकतो आणि दोन सप्लाय एकमेकांसमोर उभे राहतात. मग रीडिंगला अर्थ उरत नाही आणि आउटपुट जळण्याचीही शक्यता असते. शंका असेल तर सेन्सरला फक्त त्याची वीज द्या, आउटपुटच्या वायरी मोकळ्या ठेवा आणि त्यांच्यामध्ये व्होल्टेज मोजा. ठळक डीसी व्होल्टेज मिळालं तर तो सेन्सर सक्रिय, म्हणजे स्वतः करंट देणारा आहे.

चार-वायरी सेन्सरचा आउटपुट आयसोलेटेड (बाकी सर्किटपासून विजेच्या दृष्टीने तोडलेला) नसेल तर त्याचा मायनस आतून अर्थला जोडलेला असू शकतो. असे दोन सेन्सर इमारतीच्या दोन टोकांना असतील तर दोन अर्थमधला फरक तुमच्या ग्राउंडमधून वाहायला लागतो. वायर जाड करून हे सुटत नाही. प्रत्येक लूपला सिग्नल आयसोलेटर लावणं हाच मार्ग. खर्च वाढतो हे मान्य, पण इथे काटकसर केली तर दोष दर काही आठवड्यांनी परत येतो.

सिग्नल आधीच पीएलसीत जात असेल तर

सेन्सर पीएलसीला (यंत्र चालवणाऱ्या औद्योगिक कंट्रोलरला) जोडलेला आहे आणि तोच सिग्नल आपल्यालाही हवा आहे, ही रोजची गरज. करंट सिरीजमध्ये सगळीकडे तोच असतो, म्हणून सेन्सर आणि पीएलसी यांच्यामध्ये आपला शंट घालायचं सुचतं. तो घातला आणि आपला ग्राउंड त्याच्या खालच्या टोकाला लावला की पीएलसीचं रीडिंग शून्यावर येतं. कारण आपल्या शंटचं खालचं टोक तिथे ग्राउंडवर नसतंच. पीएलसीचा इनपुट २५० ओहमचा असेल तर ते टोक २० मिलिअँपिअरला ५ व्होल्ट वर असतं. आपला ग्राउंड आणि पीएलसीचा शून्य व्होल्ट एकच असतील, तर आपण पीएलसीचा इनपुट चक्क शॉर्ट केला.

दोन वाटा आहेत. पीएलसीच्या इनपुटवरचं १ ते ५ व्होल्टच समांतर मोजायचं, मोठ्या रोधाचा डिव्हायडर लावून आणि त्यानंतर बफर ठेवून. किंवा आपला शंट मध्येच ठेवून त्यावर असा अ‍ॅम्प्लिफायर लावायचा, ज्याला ग्राउंडपासून वर तरंगणारा सिग्नल चालतो. आरसीव्ही४२० ही चिप याच कामासाठी बनलेली आहे. तिच्या आत ७५ ओहमचा शंट आहे आणि ती ४-२० मिलिअँपिअरचे थेट ० ते ५ व्होल्ट करून देते. चालू असलेल्या यंत्राच्या लूपमध्ये हात घालण्यापूर्वी त्या लूपवर कोणता इंटरलॉक (यंत्र आपोआप थांबवणारी अट) आहे हे विचारून घ्या. वायर सुटल्याच्या क्षणी पीएलसीला तो सेन्सर मेल्यासारखा दिसतो.

दाब वाढला की बोर्ड रिसेट होतो

हे लक्षण ऐकायला विचित्र वाटतं, पण कारण सरळ आहे. २४ व्होल्ट छोट्या बूस्ट कन्व्हर्टरने यूएसबीच्या ५ व्होल्टवरून काढलेले असतात. चार सेन्सर ४ मिलिअँपिअरवर असताना एकूण १६ मिलिअँपिअर लागतात, काही भार नाही. चारही २० वर गेले की ८० मिलिअँपिअर, म्हणजे २४ व्होल्टवर १.९२ वॅट. कन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर ५ व्होल्टकडून सुमारे ०.४५ अँपिअर ओढले जातात. बोर्ड स्वतः वेगळा खातो. ५०० मिलिअँपिअरच्या पोर्टवर इथे दम संपतो. सेन्सर मोजण्याच्या लायक होतात नेमकं तेव्हाच यंत्रणा बसते. सेन्सरना वेगळा २४ व्होल्टचा सप्लाय द्या.

याच जातीचा दुसरा दोष म्हणजे वरच्या टोकाला रीडिंग अडकणं. १६-१७ मिलिअँपिअरपर्यंत बरोबर, पुढे जातच नाही. ट्रान्समीटरला स्वतःसाठी किमान व्होल्टेज लागतं, समजा १२ व्होल्ट. मग २४ मधून उरलेल्या १२ व्होल्टमध्ये २० मिलिअँपिअर ढकलायचे तर शंट आणि वायर मिळून ६०० ओहमपेक्षा जास्त चालत नाहीत. वायरीचा वाटा लहान असतो. ०.५ चौरस मिलिमीटरच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण ३९ ओहम, म्हणजे २०० मीटरवरच्या सेन्सरच्या जाऊन-येऊन वायरीचे १६ ओहमही होत नाहीत. पण सप्लायच १५ व्होल्टचा असेल तर उरतात फक्त ३ व्होल्ट, आणि १५० ओहमचा शंट एकटाच ते सगळे खातो.

रिकाम्या चॅनलवर शेजाऱ्याचा आकडा

सेन्सर काढला तरी त्याचा चॅनल आधीच्या चॅनलसारखाच आकडा दाखवतो. मायक्रोकंट्रोलरमध्ये एडीसी सहसा एकच असतो आणि तो आळीपाळीने पिनांकडे वळतो. आतला छोटा कपॅसिटर, एटीमेगा३२८पीमध्ये (आर्डुइनो उनोवरच्या चिपमध्ये) १४ पिकोफॅरडचा, आधीच्या पिनचं व्होल्टेज धरून बसलेला असतो. पुढची पिन मोकळी असेल किंवा तिच्यामागे मोठा रोध असेल तर तो वेळेत नव्या व्होल्टेजला येत नाही. या चिपला १० किलोओहमपर्यंतचा स्रोत मानवतो. १५० ओहमच्या शंटला हा त्रास व्हायलाच नको. तरी होत असेल तर शंटचा ग्राउंडकडचा सांधा सुटलेला आहे, किंवा संरक्षणासाठी लावलेला सिरीज रेझिस्टर अवास्तव मोठा आहे. पिनजवळ १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावा, तो आतल्या कपॅसिटरला क्षणात भरतो.

शंटचा सांधा सुटणं मात्र हलक्यात घेऊ नका. शंट नसेल तर लूपचं जवळपास पूर्ण व्होल्टेज पिनवर येऊन उभं राहतं. सेन्सरच्या दोन वायरी एकमेकांना चिकटल्या तरी तेच: १५० ओहमवर २४ व्होल्ट, १६० मिलिअँपिअर, ३.८ वॅट. पाव वॅटचा रेझिस्टर काळा पडतो, पिन मरते, कधी कधी पूर्ण कंट्रोलर जातो. म्हणून प्रत्येक लूपमध्ये छोटा रिसेट होणारा पीटीसी फ्यूज, आणि शंटपासून पिनपर्यंत ४.७ ते १० किलोओहमचा सिरीज रेझिस्टर ठेवा. १० किलोओहम असेल तर २४ व्होल्ट आले तरी पिनमध्ये दोनेक मिलिअँपिअरच शिरतात. एडीएस१११५ वापरत असाल तर ४.७ किलोओहमजवळ राहा, कारण तिच्या इनपुटचा रोध काही मेगाओहमच आहे आणि १० किलोओहमने रीडिंग थोडं खाली येतं.

कोडमधल्या तीन गोष्टी

सरासरी १०० मिलिसेकंदांची घ्या. त्यात ५० हर्ट्झची बरोबर ५ आणि ६० हर्ट्झची बरोबर ६ आवर्तनं बसतात, म्हणून विजेच्या लाइनचा गुणगुणाट दोन्हीकडे कटतो. लूपवर हार्ट (त्याच वायरींवर डेटा पाठवण्याची पद्धत) असेल तर त्याचे १२०० आणि २२०० हर्ट्झचे सूरही यात विरतात.

कॅलिब्रेशन दोन बिंदूंवर करा, ४ आणि २० च्या जवळ, प्रत्येक चॅनलचं वेगळं. आणि ते सगळे सेन्सर जोडलेले असताना करा. एकेकटा जोडून केलेलं कॅलिब्रेशन वर सांगितलेला ड्रॉप लपवतं.

३.६ मिलिअँपिअरच्या खाली आणि २१ च्या वर दोष दाखवा, मोजमाप नको. नामुर या प्रक्रिया उद्योगांतल्या ऑटोमेशन वापरकर्त्यांच्या संघटनेच्या एनई ४३ शिफारशीत हेच आकडे आहेत आणि खरं मोजमाप ३.८ ते २०.५ मध्ये धरलेलं आहे. अनेक प्रोग्राममध्ये तुटलेल्या वायरीचा ० मिलिअँपिअर सूत्रातून जाऊन उणे अडीच बार म्हणून पडद्यावर येतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे शून्याला कापून ‘दाब नाही’ असा दिसतो. ४ मिलिअँपिअरपासून सुरुवात करण्याचा सगळा फायदा तिथे वाया जातो.

सगळं जोडून झालं की प्रत्येक सेन्सरची वायर टर्मिनलमधून एकदा खरोखर उपसून बघा. त्या चॅनलवर दोष यायला हवा आणि बाकीच्या तिन्हींच्या शेवटच्या अंकापलीकडे काही हलायला नको. हलला, तर पुन्हा लाल प्रोब शंटच्या खालच्या पायावर ठेवा.